उत्पत्तिकथेचे मराठी वाचन : वाच्यार्थ, लक्ष्यार्थ आणि तात्पर्य

बायबलच्या जुन्या करारातील 'उत्पत्ती' या पहिल्या ग्रंथाच्या आरंभी विश्वनिर्मितीची कथा आली आहे. सहा दिवसांत प्रकाश, आकाश, भूमी, वनस्पती, ज्योती, जलचर, पक्षी, पशू आणि शेवटी मनुष्य यांची निर्मिती व सातव्या दिवशी विश्रांती, हा तिचा पहिला भाग होय. मातीपासून घडविलेला आदाम, एदेन बाग, हव्वा, सर्प आणि निषिद्ध फळ हा दुसरा भाग. ही कथा अक्षरशः घडलेला वृत्तांत म्हणून वाचावयाची की रूपक म्हणून, हा प्रश्न डार्विनचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाल्यानंतर युरोपात उपस्थित झाला, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज दोन दृष्टींनी अपुरा ठरतो. एक तर हा प्रश्न डार्विनपूर्वी निदान अठरा शतके विचारला जात होता. दुसरे असे की, या कथेच्या वाचनाला मराठी भाषेत स्वतंत्र इतिहास असून तो १६१६ पासून सुरू होतो.

या इतिहासाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. मराठीत ही कथा प्रथम पुराण म्हणून आली, नंतर वादविषय बनली आणि अखेरीस सामाजिक चिकित्सेचे साधन झाली. या प्रवासात 'कथा खरी की खोटी' हा प्रश्न पुष्कळ काळ अग्रभागी राहिला. परंतु 'ही कथा कशासाठी सांगितली गेली आणि तिचे फल कोणाच्या वाट्याला आले' हा प्रश्नच अधिक फलदायी ठरला. भारतीय शास्त्रपरंपरेत या प्रश्नाला 'तात्पर्यनिर्णय' असे जुने नाव आहे.

१. पुराणाच्या रूपात

फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हा इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास आला व त्याने उर्वरित आयुष्य प्रामुख्याने साष्टी प्रांतात घालविले. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे 'पैलें पुराण' आणि 'दुसरें पुराण' असे दोन भाग असून त्यांत अनुक्रमे ३६ व ५९ अवस्वर आहेत. पहिल्या भागात जुन्या करारातील कथा येते, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. साहजिकच ग्रंथाचे कथानक विश्वनिर्मितीपासून सुरू होते. सतराव्या शतकातील मुद्रित प्रती पुढे दुर्मीळ झाल्या, तरी हस्तलिखितांच्या आधारे ग्रंथ टिकून राहिला. जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथून रोमन लिपीतील आवृत्ती काढली आणि शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यातून प्रसिद्ध झाली. तेव्हा कोठे हा ग्रंथ सामान्य मराठी अभ्यासकाच्या हाती आला.

स्टीफन्सने निवडलेला आकृतिबंध येथे महत्त्वाचा आहे. सर्ग, प्रतिसर्ग, वंश, मन्वंतर आणि वंशानुचरित ही पुराणाची पाच लक्षणे परंपरेने सांगितली आहेत. त्यांतील पहिले लक्षण सर्ग म्हणजे सृष्टीची उत्पत्ती. जुन्या कराराचा आरंभ सृष्टीने होतो आणि पुढे वंशावळी व वंशचरित्रे येतात. त्यामुळे हा मजकूर पुराणाच्या साच्यात फारशी ओढाताण न करता बसतो. ग्रंथारंभीच्या संवादातून असे दिसते की, नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे नाहीशी झाली होती व त्यांच्या जागी दुसरे पुराण मिळावे अशी श्रोत्यांची मागणी होती. स्टीफन्सने ती पुरविली. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटले, ईश्वराला 'परमेश्वर' म्हटले आणि ओवीचा छंद स्वीकारला.

स्टीफन्सला ही कथा रूपकात्मक वाटत होती, असे मात्र म्हणता येणार नाही. त्याच्या लेखी ती सत्यकथाच होती. परंतु कर्त्याचा हेतू आणि वाङ्मयप्रकाराचा संस्कार या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुराण श्रवणासाठी असते. श्रोता मध्येच शंका विचारतो, वक्ता तिचे निरसन करतो आणि कथा पुढे सरकते. अशा श्रवणात घटनेची तिथी क्वचितच विचारली जाते. घटनेतून काय घ्यावयाचे, हे विचारले जाते. एकनाथांचे भारूड आणि 'भावार्थ रामायण' यांच्या काळाला तेव्हा फार वर्षे लोटली नव्हती. कथेच्या आतला भाव शोधण्याची सवय असलेल्या भाषेत उत्पत्तिकथेचा पहिला प्रवेश झाला, ही गोष्ट म्हणूनच नोंदण्याजोगी आहे.

२. शनिवार तेली

क्रिस्तपुराणाच्या उत्तरेस, कोकण किनाऱ्यावरील आजच्या रायगड जिल्ह्यात, याच कथेचा एक अंश पुस्तकाशिवाय जगला जात होता. बेने इस्रायल हा मराठीभाषी ज्यू समाज तेथे अनेक शतके तेल गाळण्याचा व्यवसाय करीत आला. हिब्रू भाषेचे व ग्रंथाचे ज्ञान या समाजात जवळजवळ लोपले होते. परंतु सुंता, काही आहारनियम, 'शेमा' ही प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती त्यांनी सोडली नव्हती. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून शेजारपाजारचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनालय १७९६ चे आहे. आज नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेलमधील 'बेथ एल' प्रार्थनालय १८४९ चे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. एकोणिसाव्या शतकात ग्रंथ या समाजाकडे परत आला तो असा, बव्हंशी मराठीच्या द्वारे.

सातव्या दिवसाच्या विश्रांतीचे कारण बायबलमध्ये दोन ठिकाणी दोन प्रकारे दिले आहे. 'निर्गम' ग्रंथातील दहा आज्ञांत ते सृष्टिकथेशी जोडले आहे : ईश्वराने सहा दिवस कार्य केले व सातव्या दिवशी तो थांबला. 'अनुवाद' ग्रंथात त्याच आज्ञेचे कारण निराळे आहे : तुम्ही मिसर देशात दास होता, हे विसरू नका. दोन्ही ठिकाणी विश्रांतीचा हक्क केवळ घरधन्याला नाही. दास, दासी, परका आणि गुरेढोरे यांनाही तो आहे. घाण्याला जुंपलेल्या बैलाचाही शनिवार सुटीचा, हा या आज्ञेचा कोकणातील प्रत्यक्ष अर्थ होय.

येथे कथेपेक्षा तिचे फल अधिक काळ टिकलेले दिसते. सृष्टीला किती तास लागले, याविषयी काही मत बनवावे इतका ग्रंथाधार शनिवार तेल्यांजवळ उरला नव्हता. तरीही कथेने जे मागितले होते ते त्यांच्या आठवड्यात शाबूत होते. कथेचा अर्थ केवळ तिच्या विधानांत साठविलेला असतो, या कल्पनेला हे उदाहरण मोठाच छेद देते.

३. वादाच्या आखाड्यात

१८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले आणि पुढील दोन दशकांत मराठी मुद्रणाला वादाचे वळण लागले. १८३१ साली मोरोभट्ट दांडेकर यांनी जॉन विल्सनशी मुंबईत जाहीर वाद केला व 'हिंदुधर्मस्थापना' हा ग्रंथ लिहिला. विल्सनने १८३२ मध्ये त्याचे खंडन प्रसिद्ध केले आणि साताऱ्याच्या नारायणराव यांच्या प्रतिपादनाला १८३४ मध्ये दुसरे उत्तर दिले. १८५७ च्या पूर्वार्धात विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–१८७१) यांनी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेले वाद प्रसिद्धच आहेत.

या वादांचा तपशील येथे अप्रस्तुत आहे. त्यांतील सत्याची कसोटी मात्र लक्षात घ्यावयास हवी. दुधातुपाचे समुद्र, मेरुपर्वत आणि पन्नास कोटी योजनांचे भूमंडल ही पुराणांतील वर्णने भूगोलाच्या कसोटीवर टिकत नाहीत, म्हणून पुराणे अप्रमाण, अशी मिशनरी युक्तिवादाची एक ठराविक दिशा असे. ही कसोटी वाच्यार्थाची होती. ती एकदा मान्य केली की, तिचा प्रयोग कोणत्याही ग्रंथावर करता येतो. सूर्य चौथ्या दिवशी उत्पन्न झाला असेल, तर पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी मोजली, ही शंका मेरुपर्वताविषयीच्या शंकेपेक्षा जातीने वेगळी नाही. शस्त्र दुधारी होते.

याच सुमारास मराठीत एक दुसरा वाद झाला. भोपाळजवळ सिहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या आश्रयाने सुबाजी बापू यांनी १८३६ मध्ये 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ रचला. त्यात पौराणिक, सिद्धान्तांतील आणि कोपर्निकसची अशा तीन विश्वरचनांची तुलना आहे. त्यावर पुण्याच्या यज्ञेश्वरशास्त्र्यांनी 'अविरोधप्रकाश' लिहून पुराणे व ज्योतिषसिद्धान्त यांच्यात खरा विरोध नाही, असे प्रतिपादन केले आणि सुबाजी बापूंनी त्याचाही परामर्श घेतला. धर्मग्रंथातील विश्वरचना आणि गणिताने सिद्ध होणारी विश्वरचना यांचा संबंध कसा लावावा, हा युरोपीय प्रश्न डार्विनच्या ग्रंथाआधी वीस वर्षे मराठीत, मराठी पंडितांच्या परिभाषेत चर्चिला गेला होता. मात्र 'विरोध' आणि 'अविरोध' हे दोन्ही पक्ष एका गोष्टीवर एकमत होते : ग्रंथ विश्वरचनेविषयी माहिती देत आहे. तो माहिती देत नसून दुसरेच काही करीत असेल, ही शक्यता या वादात मागे पडली.

४. मुख्यार्थबाध : रूपकाची अट

ही शक्यता भारतीय परंपरेला अपरिचित होती असे नाही. पूर्वमीमांसेने वेदवाक्यांचे विधी आणि अर्थवाद असे भेद केले. यज्ञातील यूप म्हणजे आदित्य, असे वाक्य आले तर खांबाला सूर्य समजावयाचे नसते. तुपाने माखलेल्या खांबाचे तेज सांगावयाचे असते. हा गुणवाद. वेदान्तात तर सृष्टिकथांचाच प्रश्न आला. उपनिषदांत कोठे आकाश प्रथम निर्माण होते, कोठे तेज, कोठे जल. माती, लोखंड व ठिणग्या यांच्या दृष्टान्तांनी सांगितलेली सृष्टी हा केवळ बुद्धीला तत्त्वाकडे नेण्याचा उपाय आहे, असा गौडपादांच्या कारिकांचा निर्वाळा आहे. शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात असा विचार मांडला आहे की, सृष्टिक्रमातील परस्परविरोध बाधक नाही, कारण सृष्टिक्रम सांगणे हे त्या वाक्यांचे प्रयोजनच नव्हे.

ज्यू आणि ख्रिस्ती परंपरांतही अशी दृष्टी प्राचीन आहे. अलेक्झांड्रियाचा फिलो, तिसऱ्या शतकातील ओरिजेन, पाचव्या शतकात उत्पत्तिग्रंथावरील भाष्य पूर्ण करणारा ऑगस्टीन, अकराव्या शतकातील भाष्यकार राशी आणि बाराव्या शतकातील मायमोनिडीझ यांची मते एकसारखी नाहीत. परंतु सहा दिवस म्हणजे घड्याळाचे सहा दिवस, अथवा कथेचा क्रम म्हणजे निर्मितीचा क्रम, असे यांपैकी कोणीही सरसकट मानले नाही. ओरिजेनने तर सूर्याविना दिवस कसा, हीच शंका तिसऱ्या शतकातच विचारली आणि तिचा उपयोग ग्रंथ खोटा ठरविण्याऐवजी तो रूपक आहे हे दाखविण्यासाठी केला. कॅथॉलिक चर्चने १९४३ आणि १९६५ च्या अधिकृत लेखांतून, ग्रंथाचा अर्थ लावताना त्याचा वाङ्मयप्रकार पाहिला पाहिजे, हे तत्त्व मान्य केले.

तथापि, अडचण आली की रूपक म्हणावे, अशी मुभा कोणासच नाही. मराठी साहित्यशास्त्राने संस्कृतातून घेतलेल्या लक्षणेच्या विचारात यासाठी तीन अटी आहेत : मुख्यार्थाला बाध आला पाहिजे, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध असला पाहिजे आणि लक्षणेला रूढी किंवा प्रयोजन असले पाहिजे. 'गंगेवर गवळीवाडा' या प्रसिद्ध उदाहरणात पाण्यावर वाडा वसत नाही, हा बाध. तीर पाण्याजवळ असते, हा संबंध. आणि शीतलता व पावित्र्य सुचविणे, हे प्रयोजन.

उत्पत्तिकथेत मुख्यार्थाला येणारा बाध बाहेरच्या विज्ञानाने प्रथम आणलेला नाही. तो ग्रंथाच्या अंतरंगातच आहे. पहिल्या अध्यायात वनस्पती व पशू आधी होतात आणि पुरुष व स्त्री शेवटी एकत्र निर्माण होतात. दुसऱ्या अध्यायात मनुष्य आधी, झाडे व पशू नंतर आणि स्त्री सर्वांच्या शेवटी. पहिल्यात ईश्वराचे नाव 'एलोहीम', दुसऱ्यात त्याला 'याह्वे' या नावाची जोड. या नामभेदावरून फ्रेंच वैद्य आस्त्रुक याने १७५३ मध्ये दोन मूळ स्रोतांचे अनुमान केले. ज्यांनी या दोन कथा शेजारी ठेवल्या त्यांना क्रमातील हा विरोध दिसला नसेल, असे मानणे कठीण आहे. त्यांनी तो तसाच ठेवला, याचा अर्थ क्रम हे त्यांचे प्रतिपाद्य नव्हते.

याच कारणाने, 'दिवस' म्हणजे एक युग असे मानून कथेचा भूगर्भशास्त्राशी मेळ घालणे हेही रूपकवाचन नव्हे. हिब्रू 'योम' शब्दाला मराठी 'दिवस' शब्दाप्रमाणेच व्यापक अर्थ आहेत; मराठीतही 'सुगीचे दिवस' येतात आणि माणसाचे 'दिवस पालटतात'. परंतु पहिल्या अध्यायात प्रत्येक दिवसाला संध्याकाळ व सकाळ जोडलेली आहे. तेथे दिवस हा दिवसच आहे, फक्त तो कथेतील दिवस आहे. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा म्हणून पुराणे आधुनिक विज्ञानाशी जुळतात, असे म्हणणाराही हीच चूक करतो. आकडा बदलला तरी ग्रंथाकडून माहितीच मागितली जात राहते.

५. तात्पर्याची साक्ष

तात्पर्य ठरविण्यासाठी शास्त्रकारांनी सहा लिंगे सांगितली आहेत : उपक्रम व उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती. त्यांतील पहिली चार उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाला लावून पाहिली असता निष्कर्ष बराच निश्चित होतो.

कथेचा उपक्रम अंधार व अथांग पाणी यांच्या अव्यवस्थेत आहे आणि उपसंहार सातव्या दिवसाच्या विश्रांतीत. मधले सहा दिवस दोन समांतर पंक्तींत मांडलेले दिसतात. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी प्रकाश देणाऱ्या ज्योती. दुसऱ्या दिवशी आकाश व जल, पाचव्या दिवशी पक्षी व जलचर. तिसऱ्या दिवशी भूमी, सहाव्या दिवशी भूचर प्राणी व मनुष्य. आधी स्थान, मग त्या स्थानाचे रहिवासी. सूर्य चौथ्या दिवशी का, याचे उत्तर खगोलात शोधावयाचे कारण नाही. ते या रचनेत आहे. अभ्यास म्हणजे पुनरुक्ती. 'तोव' म्हणजे 'चांगले' हा शब्द या अध्यायात सात वेळा येतो. भौतिक जग हे पाप किंवा भ्रम नसून चांगले आहे, हा त्या पुनरुक्तीचा आग्रह होय.

अपूर्वता म्हणजे अन्यत्र न मिळणारी गोष्ट. तिच्यासाठी बाबिलोनची तुलना उपयोगी पडते. तेथील सृष्टिकाव्याचे इष्टिकालेख जॉर्ज स्मिथने १८७६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्धीस आणले. त्या काव्यात मार्दुक देव तियामत या सागरदेवतेचा वध करून तिच्या शरीरापासून विश्व घडवितो आणि देवांचे कष्ट हलके करण्यासाठी मनुष्य निर्माण केला जातो. हिब्रू कथेतील अथांग जलाचा वाचक शब्द 'तेहोम' हा 'तियामत' शब्दाचा सगोत्र आहे. पण येथे युद्ध नाही, वध नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की, सूर्य आणि चंद्र यांची नावे या अध्यायात नाहीत. 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती' एवढेच म्हटले आहे. सभोवतालच्या लोकांत त्या नावांनी देवता पूजिल्या जात. ज्या भाषेत 'सूर्यनारायण' आणि 'चांदोबा' हे शब्द घरोघरी आहेत, त्या भाषेच्या वाचकाला नाव टाळण्यातील मर्म समजावून सांगावे लागत नाही. मनुष्याविषयीची अपूर्वता याहून मोठी आहे. प्राचीन पश्चिम आशियात राजाला देवाची प्रतिमा म्हटले जाई; येथे ते प्रतिरूप नर आणि नारी या दोघांसह मनुष्यमात्राला दिले आहे. फल कोणते, हे शनिवार तेल्यांच्या उदाहरणात येऊन गेले आहे.

दुसऱ्या अध्यायात तात्पर्य शब्दांच्या नात्यांत गुंफलेले आहे. 'आदाम' हे तेथे विशेषनाम होण्यापूर्वी 'मनुष्य' या अर्थाचे सामान्यनाम आहे आणि ते 'अदामा' म्हणजे भूमी या शब्दाशी जोडलेले आहे. मराठी भाषांतरात एकीकडे 'आदाम' हे नाव आणि दुसरीकडे 'माती' हा शब्द राहतो. नाते तुटते आणि 'मनुष्य' हा एक विशिष्ट गृहस्थ होऊन बसतो. रूपकाचे वृत्तांतात रूपांतर कसे होते, याचा हा भाषाशास्त्रीय पुरावाच होय. उलट, 'ईश' व 'इश्शा' या शब्दांची जोडी मराठी भाषांतरकारांना 'नर' व 'नारी' या जोडीने जवळजवळ जशीच्या तशी राखता आली. या बाबतीत मराठी कित्येक युरोपीय भाषांहून भाग्यवान ठरली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी केडगाव येथे आयुष्याची अखेरची वर्षे हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालविली, यामागे अल्पशिक्षित स्त्रियांना ग्रंथ स्वतः वाचता यावा हा हेतू होता. भाष्यकाराच्या मध्यस्थीवाचून मूळ शब्दापर्यंत पोहोचणे हे त्यांच्या दृष्टीने केवळ पांडित्याचे काम नव्हते. आदाम आधी आणि हव्वा नंतर, या क्रमाचा आधार घेऊन नव्या करारातील तीमथ्याच्या पहिल्या पत्रात स्त्रियांना उपदेशाचा अधिकार नाकारला आहे. कथेचा क्रम वाच्यार्थाने घेण्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हे यावरून कळते.

६. फल कोणाच्या वाट्याला?

सृष्टिकथेच्या फलाचा प्रश्न मराठीत सर्वांत तीव्रपणे विचारला तो जोतीराव फुले यांनी. 'गुलामगिरी' (१८७३) या संवादात्मक ग्रंथाच्या आरंभीच ब्रह्मदेवाच्या मुखापासून ब्राह्मण, बाहूंपासून क्षत्रिय, मांड्यांपासून वैश्य व पायांपासून शूद्र उत्पन्न झाल्याची कथा घेतली आहे. फुले तिचा वाच्यार्थ गंभीरपणे घेण्याचा आव आणतात. मुखाने गर्भाशयाचे काम केले असेल, तर गर्भाशयाचे इतर देहधर्म त्याने कसे पाळले? इंग्रज वगैरे लोक कोणत्या अवयवातून आले? मुख्यार्थबाध दाखविण्याची ही रीत उपहासाची असली तरी तर्कदृष्ट्या निर्दोष आहे. त्यानंतर मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह हे अवतार त्यांनी आर्यांच्या स्वाऱ्यांच्या आठवणी म्हणून उलगडले. 'महासुभा' शब्दापासून 'म्हसोबा' यांसारख्या त्यांच्या व्युत्पत्ती ध्वनिनियमांच्या कसोटीवर टिकणाऱ्या नाहीत. परंतु व्युत्पत्ती चुकली म्हणून प्रश्न चुकत नाही. कथा कोणी, कोणासाठी रचली आणि तिने कोणाला खाली बसविले, हा तो प्रश्न होता. मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त फुल्यांनी 'निर्मीक' ही कल्पना मांडली. तिच्यातून निघणारे फल स्त्री-पुरुषांचे समान स्वातंत्र्य हे आहे.

हा विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' या १९४६ सालच्या, फुल्यांना अर्पण केलेल्या इंग्रजी ग्रंथात शास्त्रीय पातळीवर नेला. पुरुषसूक्त ही विश्वोत्पत्तीची एक कथा आहे आणि अशा कथा इतर राष्ट्रांतही आहेत, असे सांगून त्यांनी तुलनेसाठी उत्पत्तिग्रंथातील कथा घेतली. उत्पत्तिकथा खरी व पुरुषसूक्त खोटे, असा त्यांचा युक्तिवाद नाही. इतरांच्या कथा मनुष्याची उत्पत्ती सांगतात, पुरुषसूक्त मात्र वर्गांची उत्पत्ती सांगते व त्यांच्या उच्चनीचतेला ईश्वरी आदर्शाचे स्थान देते, हा त्यांनी दाखविलेला भेद आहे. म्हणजे दोन्ही कथांना एकच कसोटी लावली गेली, आणि ती भूगोलाची नव्हती. मोरोभट्ट दांडेकरांच्या वादापासून एकशेपंधरा वर्षांनी मराठी विचार वाच्यार्थाच्या आखाड्यातून बाहेर पडून तात्पर्याच्या भूमीवर आला, असे यावरून म्हणावयास हरकत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पुरुषसूक्ताच्या समर्थनार्थ, ते समाजाच्या एकात्मतेचे केवळ रूपक आहे, असे सांगण्यात आले आहे. उत्पत्तिकथेतील स्त्रीवरील शापासंबंधीही असाच बचाव करता येईल. रूपक म्हटल्याने कथा चिकित्सेच्या पलीकडे जात नाही. उलट चिकित्सा तेथून सुरू होते. वाच्यार्थाला 'हे घडले काय?' असे विचारावयाचे असते, तर रूपकाला 'याने काय घडविले?' असे. पहिल्या प्रश्नातून कोणत्याही सृष्टिकथेची सुटका करता येते, दुसऱ्यातून नाही.

स्टीफन्सच्या पुराणात श्रोत्याला शंका विचारण्याचा हक्क होता, शनिवार तेल्यांच्या आठवड्यात बैलाला विश्रांतीचा हक्क होता, फुले-आंबेडकरांच्या लेखनात खाली बसविलेल्याला कथेचा जाब विचारण्याचा हक्क मिळाला. उत्पत्तिकथेच्या मराठी वाचनाचा इतिहास या तीन हक्कांच्या क्रमाने लिहिला गेला, तर सहा दिवसांच्या हिशेबापेक्षा तो अधिक उपयुक्त ठरेल. जुन्या मिशनरी वादग्रंथांचा, भाषांतरांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांचा आणि बेने इस्रायल समाजाच्या मराठी वाङ्मयाचा या दृष्टीने एकत्र अभ्यास होणे अगत्याचे आहे.